हरिसिंग (हिंगोलीचा ठग)

हरिसिंग : (एकोणिसावे शतक, पूर्वार्ध). निजामाच्या राज्यातील हिंगोली छावणीत कापडाचा व्यापारी म्हणून वावरणारा ठगांचा म्होरक्या. जून १८३२ मध्ये हिंगोलीतच पकडला गेला. त्याच्या अटकेपूर्वीच्या आयुष्याची माहिती विल्यम स्लीमनच्या ‘रामसीआना’ (१८३६) या ग्रंथातील जबानीतून आणि निजामाच्या नोकरीतील अधिकारी मेडोज टेलर याने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीच्या प्रस्तावनेत दिलेल्या हकिगतीतून मिळते.

दुकान व पत : हरिसिंग सुरुवातीला वऱ्हाडातून कापड आणून छावणीत विकत असे. त्यातून गोलंदाजांच्या सुभेदाराशी त्याची ओळख वाढली. अटकेच्या सुमारे दीड वर्ष आधी त्याने गोलंदाजांच्या बाजारात दुकान थाटले. माल भरायला तो इतर दुकानदारांबरोबर मुंबईलाही जाई. बाजारात त्याची पत होती. खुद्द टेलरने त्याच्याशी व्यवहार केला होता.

गुन्हे : वाटसरूंचा विश्वास संपादन करायचा, रुमालाने गळा आवळून मारायचे आणि प्रेते पुरून टाकायची, ही ठगांची रीत. हरिसिंगच्या हाती याखेरीज सरकारी परवानाही आला. जवळच्या गावातला एक व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत असल्याची खबर त्याला होती. तेच कापड आपण आणणार असल्याचे भासवून त्याने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना मिळवला. मग व्यापारी, त्याची माणसे आणि गुरे हाकणारे यांना ठार करून तो माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उजळ माथ्याने विकला. अटकेनंतर त्याने स्वतः सांगितले नसते, तर हा प्रकार कधीच बाहेर आला नसता.

त्याच्या टोळीने छावणीच्या बाजारातही, मुख्य पहाऱ्यापासून १०० यार्डांच्या आत, खून केले. प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम ५०० यार्डांवर, नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओढ्यात पुरली जात. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या आणि टेलरच्या देखत खड्डे उकरले गेले. एकेका खड्ड्यात अनेक प्रेते निघाली. अखेर उबग येऊन खोदकाम थांबवावे लागले.

मूल्यमापन : ठगीविषयीची बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांकडून आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून आलेली असल्याने ठगीच्या व्याप्तीबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. हिंगोलीच्या प्रकरणाला मात्र उकरलेल्या प्रेतांचा पुरावा आहे. ओळखीपाळखी, बाजारातली पत आणि सरकारी कागद यांच्या आडोशाला किती क्रूर गुन्हेगारी निर्धास्त राहू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. पुढे १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला.