गल्लीतली शटरं

१८९७ च्या प्लेगबद्दल पुण्यातल्या शाळकरी पोराला विचारा. रँडसाहेब, चापेकर बंधू, २२ जूनची रात्र, घरांत शिरणारे गोरे शिपाई, सगळं घडाघडा सांगेल. पण त्या साथीत कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकान कसं चालवलं, न्हाव्याच्या घरी चूल कशी पेटली, असं विचारलं तर मास्तरही गप्प. मार्च २०२० मध्ये १८९७ चाच साथरोग कायदा (तेव्हा अवघ्या चार कलमांचा होता बरं का!) बाहेर काढून आमच्या गल्लीतली शटरं खाली ओढली गेली, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. मोठा इतिहास लिहायला मोठी माणसं आहेत. म्हटलं, आपण गल्लीचा लिहून ठेवावा.

आमची गल्ली नवी पेठेच्या अंगाची. एक किराणा, एक सलून, शाळेच्या वह्या-पुस्तकांचं दुकान, एक शिंपी आणि स्पर्धा परीक्षांच्या पोरांची खानावळ. २५ मार्चला देशभर टाळं लागलं आणि या पाचांची विभागणी एका शब्दाने झाली: ‘जीवनावश्यक’. तो शब्द वाण्याच्या वाट्याला आला, बाकीच्यांच्या नाही.

सगळ्यांना वाटतं वाण्याची चंगळ झाली. दुकान उघडं होतं हे खरं, पण कामाची दोन्ही पोरं गावी गेलेली, माल आणायला टेम्पो मिळेना, आणि उघडायची वेळ रोज नवी. त्यातली खरी मेख वेगळीच होती. पूर्वी ठोक व्यापारी पंधरा दिवसांच्या उधारीवर माल टाकायचे, ते रोख मागायला लागले. इकडे गिऱ्हाईकं, ज्यांचे पगार अर्धे झाले किंवा थांबले, ती रोखीवरून उधारीवर आली. मधे सापडले काका. वरून रोख, खालून उधार! त्यांनी काकूंच्या बांगड्या गहाण ठेवल्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

(लॉकडाऊनमध्ये सगळे मोबाइलवरून पैसे द्यायला लागले असं आता सर्रास म्हणतात. आकडे पाहिले तर गंमत दिसते. मार्च २०२० मध्ये यूपीआयचे सुमारे १२५ कोटी व्यवहार झाले होते, ते एप्रिलमध्ये शंभर कोटींवर घसरले. दुकानंच बंद, तर देणार कुणाला? ऑक्टोबरमध्ये मात्र दोनशे कोटींच्या वर गेले. काकांनी कोडचा कागद काचेवर चिकटवला तो याच काळात. मग बंगळूरला बसलेला मुलगा इथल्या आईचं बिल परस्पर भरू लागला.)

सलूनवाल्याची कहाणी ऐका. तीन महिने बंद. २८ जूनला परवानगी मिळाली, तीही केस कापण्यापुरती, दाढीला नाही. आता आमच्या सलूनचं अर्धं उत्पन्न दाढीचं. तरी बिचाऱ्याने उसने पैसे घेऊन एकदाच वापरायचे कागदी टॉवेल आणले, खुर्च्या लांब केल्या, वेळ ठरवून एकेकाला बोलावलं. आणि १४ जुलैपासून पुण्यात पुन्हा दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन! पहिले पाच दिवस तर किराणाही बंद. सोळा दिवसांच्या धंद्यासाठी केलेला खर्च त्याने कसा फेडला असेल, देव जाणे. पुढे पिशवीत कात्री घालून तो घरोघरी जायचा, कुणाला न सांगता. आमच्याकडेही आला होता. गॅलरीत खुर्ची टाकली होती.

शिंप्याचं निभावलं. लग्नं पन्नास माणसांत व्हायला लागल्यावर ब्लाउज शिवायला येणार कोण? त्याने घरी मशीन नेऊन मास्क शिवले.

खानावळीच्या मावशींचं गणित एमपीएससीवर. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला होती, ती पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. पोरं गावाला, अभ्यासिकांना कुलपं, मावशींची साठ ताटं पालथी. त्यांनी आजारी घरांना डबे सुरू केले. दारात ठेवायचे, बेल वाजवायची आणि मागे व्हायचं. डाळ-तांदूळ वाण्याकडून उधार. सलूनवाल्याच्या घरीही सहा आठवडे डबा गेला, पैशांचं नंतर बघू म्हणून.

आता सरकारी मदतीचं. मदत नव्हतीच असं म्हणणं अन्याय होईल. फेरीवाल्यांना जून २०२० पासून दहा हजारांचं कर्ज होतं. छोट्या धंद्यांसाठी मे महिन्यात तीन लाख कोटींची हमी जाहीर झाली, पण त्यातली मेख पाहा: २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जे कर्ज शिल्लक असेल, त्याच्या वीस टक्के नवं कर्ज. हप्तेही ३१ ऑगस्टपर्यंत लांबवता आले, अर्थात कर्ज असेल तर.

आमच्या वह्यांच्या दुकानदाराने आयुष्यात कर्ज काढलं नव्हतं. वडिलांनी घातलेला दंडक होता तसा. म्हणजे त्याच्या नावावर शिल्लक शून्य, आणि शून्याचे वीस टक्के किती होतात ते त्याच्याच दुकानातल्या पाढ्यांच्या पुस्तकात बघता येईल. पथारीवाला म्हणावा, तर शटर असलेलं दुकान. भाडं मात्र दर महिन्याला सुरू. मालकाने पहिले तीन महिने निम्मं घेतलं, मग त्याचाही नाइलाज झाला.

त्या धंद्याचं सगळं वर्ष जूनमध्ये असतं. जून २०२० गेला, जून २०२१ गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये शहरात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. याचं गिऱ्हाईक पहिली ते सातवीचं. लहान मुलं डिसेंबरात शाळेत गेली तेव्हा पाटी उतरलेली होती. साठीच्या आत-बाहेरचा माणूस, आता मुलीकडे चिंचवडला असतो. फार बोलत नाही. दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.

जाताना किराण्याची उधारी द्यायला त्याच्याकडे रोख नव्हती. दोनशे पानी वह्यांचे पंधरा गठ्ठे त्याने काकांच्या दुकानात आणून ठेवले. काकांनी नको नको म्हणत घेतले. परवा साखर आणायला गेलो, तेव्हा काका त्यातल्याच एका वहीत कुणाचीतरी उधारी मांडत होते. वर वेळापत्रकाचे चौकोन छापलेले, नाव, इयत्ता, तुकडी. नावापुढे त्यांनी गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं होतं. इयत्ता आणि तुकडी रिकामी.