गळवं, जांभळी बाटली आणि पिंपरीचं पेनिसिलिन



पावसाळा लागला की लहान मुलांच्या नाकाशी, ओठांशी मधाच्या रंगाच्या खपल्या धरतात, कुणाच्या मांडीवर गळू येतं. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "अँटिबायोटिक म्हणजे जीव मारणंच ना? आपण ते मुलाला द्यावं का?" उत्तरासाठी जरा मागे जायला हवं.

आमच्या करी रोडच्या गिरणी चाळींत एकेका खोलीत आठ-दहा माणसं राहायची, पंचा एकच, नळ सामायिक. एकाला फोड आले की आठवड्यात घरभर. शेजारी भाजलेल्या कांद्याचं पोटीस बांधायचे. कांद्याला न शिवणाऱ्या आपल्या घरांत कणीक-हळदीचं. शेकाने गळू पिकून फुटायचं, आराम पडायचा, ते काही खोटं नव्हे. दवाखान्यातून जेन्शियन व्हायोलेटची जांभळी बाटली यायची. परळला मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय 1929 मध्ये निघालं. पण जंतू रक्तात पसरले तर तेव्हा डॉक्टरांच्याही हाती फारसं काही नसे.

1941 मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई चेहऱ्यावरची जखम चिघळून मरणाला टेकला होता. पेनिसिलिनने तो झपाट्याने सुधारला. औषध इतकं थोडं, की त्याच्या लघवीतून काढून पुन्हा त्यालाच टोचलं. तरी ते संपलं आणि तो गेला. तेच पेनिसिलिन 1955 पासून आपल्या पिंपरीला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात बनू लागलं. दुर्दैव असं की त्याच दशकात स्टॅफिलोकोकस जंतू त्याला दाद देईनासे झाले होते. म्हणून मोठ्याची उरलेली ट्यूब धाकट्याला लावू नये.

आता हिंसेचं. श्रावकाला वर्ज्य आहे ती संकल्पी हिंसा, मारण्याच्याच हेतूने केलेली. घरकामात, रक्षणात घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, हे आपल्या आचार्यांनीच मान्य केलंय. लेकराचं औषध मी रक्षणात धरते. काही फोडांमागे स्ट्रेप्टोकोकस असतो, आणि फोड सुकल्यावर काही आठवड्यांनी तो मूत्रपिंडाला सूज आणू शकतो. मुलाचा चेहरा सुजला, लघवी चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कॅप्सूलच्या आवरणातलं जिलेटिन प्राणिज असतं, तेवढं मात्र डॉक्टरांना सांगून पातळ औषध मागून घ्या. लहानांना बहुतेक तेच देतात.