बंदूक घडवायला कोठे शिकावे?

गुरुजी, तुमच्या वर्गात लोहाराचा किंवा सुताराचा एखादा पोर असतोच. हात मोठा सफाईचा, पण पाढे म्हटले की अंगावर काटा. उद्या त्याने विचारले, “मला बंदुका घडवायला शिकायचे आहे, कोठे जाऊ?” तर काय सांगाल? उत्तर देण्यापूर्वी इतिहासातली दोन गावे पाहू या.

पहिले आग्रा. महादजी शिंद्यांच्या पदरी दि बॉयन हा सॅव्हॉयचा सेनानी होता. त्याच्या कवायती पलटणींसाठी सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने आग्र्यास तोफा ओतल्या, बंदुकाही घडवल्या. माल उत्तम निघे. पण सारी मदार पगारी परक्या उस्तादावर! ऑक्टोबर १८०३ मध्ये जनरल लेकने आग्र्याचा किल्ला घेतला आणि शिंद्यांच्या हातून तो सारा उद्योग गेला. कारखाना होता, शाळा नव्हती.

दुसरे गाव ऑस्ट्रियातले फेर्लाख. तेथे सोळाव्या शतकापासून बंदुका घडतात. बाप मुलाला शिकवी, उस्ताद उमेदवाराला. सैन्याच्या मागणीवर गावाची चूल पेटे. पुढे १८६० नंतर श्टायर गावी वेर्न्डलच्या कारखान्यात यंत्रांवर भराभर बंदुका निघू लागल्या. हातकामाचे मोठे गिऱ्हाईक तुटले. गाव बसले असते! पण १८७८ मध्ये तेथे बंदूककामाची शाळा निघाली. कानस सुटली नाही. तिच्या जोडीला आराखडा आणि गणित आले. शिकारी बंदुकांवर गावाने नाव राखले. ती शाळा आजही चालू आहे.

तेव्हा त्या मुलाला सांगा, शाळेची इमारत पाहू नकोस, तीन गोष्टी विचार. विद्या एकाच उस्तादाच्या मुठीत आहे, की तो गेल्यावरही मागे राहील? नळी, दस्ता आणि चाप ही तिन्ही कामे स्वतःच्या हाताने करायला मिळतात का? आणि केलेल्या कामाची परीक्षा कोण घेतो? कच्च्या नळीची चूक वहीत राहत नाही. बार काढणाऱ्याचा हात नेते. शिवाय आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक घडवणे काय, धंदा म्हणून दुरुस्त करणेही गुन्हा आहे, हेही आधीच सांगा.

आणि हो, फेर्लाखलाही गणित चुकले नाही. तेव्हा पाढे पाठ करायलाच हवेत!