साठेखत पुण्यात झाले, म्हणून दावाही पुण्यात?

जमीन दापोलीची. विकणारा पुण्यात राहतो, साठेखत पुण्यात झाले, विसाराचा धनादेश पुण्याच्याच बँकेत वटला. शेवटच्या पानावर नेहमीचे वाक्य आहे: वाद उद्भवल्यास फक्त पुण्याच्या न्यायालयास अधिकार राहील. आता विकणारा खरेदीखत करून द्यायला तयार नाही. करारपूर्तीचा दावा कुठे लावायचा? बहुतेक लोक, आणि त्यांत काही वकीलही, बेधडक सांगतात की पुण्यात.

या मताला आधार नाही असे नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ स्पष्ट म्हणते की नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही. मग हा दावा जमिनीचा कसा? तो तर शब्द दिलेल्या माणसाविरुद्धचा. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १६ स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथे आहे तिथे लावायला सांगते, पण त्याचे परंतुकही पुढे केले जाते: प्रतिवादीने स्वतः आज्ञा पाळली की दाद पुरी होत असेल, तर तो राहतो तिथेही दावा चालतो.

पण परंतुकातली अट अशी की दाद 'संपूर्णपणे' त्याच्या आज्ञापालनातून मिळाली पाहिजे. खरेदीदाराला नुसता कागद नको असतो, ताबा हवा असतो. विकणारा हटून बसला तर आदेश २१ च्या नियम ३५ खाली बेलिफाला दापोलीला जावे लागते. पुण्याच्या न्यायालयाला ते जमणार नाही, कारण कलम ३९(४) प्रमाणे हद्दीबाहेरच्या मिळकतीवर हुकूमनामा बजावता येत नाही. दरखास्त शेवटी तिकडेच पाठवावी लागते. खरेदीखताची नोंदणीही जमीन जिथे आहे तिथल्या दुय्यम निबंधकाकडे.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये डीएलएफ युनिव्हर्सलविरुद्धच्या दाव्यात हेच सांगितले. भूखंड गुडगावचा, करार, पैसे, कंपनीचे कार्यालय आणि अधिकारक्षेत्राचे कलम, सगळे दिल्लीचे. कंपनीने आधी दिल्लीच्या न्यायालयाचा अधिकार मान्यही केला होता. तरी करारपूर्तीबरोबर ताबाही मागितल्यामुळे वादपत्र परत गेले. कलम २० (प्रतिवादीचे राहण्याचे ठिकाण, वादकारण) आधीच्या कलमांच्या मर्यादेत चालते. पक्षकारांना सक्षम न्यायालयांपैकी एक निवडता येते. नसलेला अधिकार संमतीने बहाल करता येत नाही.

यावर ॲडकॉन इलेक्ट्रॉनिक्सचा २००१ चा निकाल दाखवला जातो. त्यात ताबा न मागता केलेला करारपूर्तीचा दावा 'जमिनीचा दावा' ठरला नव्हता. मात्र तो मुंबई उच्च न्यायालयाच्या लेटर्स पेटंटमधील खंड १२ वरचा निकाल होता, आणि संहितेच्या कलम १२० मुळे त्या न्यायालयाच्या मूळ अधिकारितेला कलम १६ लागूच होत नाही. जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयात तो जसाच्या तसा वापरणे ही उसनवारी झाली.

ताबा आधीच मिळालेला असेल आणि खरेदीखत तेवढे उरले असेल, तर पुण्याच्या बाजूने बोलायला जागा आहे, हे मान्य. पण ताबा हवा असून हद्द साधण्यासाठी तो न मागणे ही चतुराई अंगाशी येते. विशिष्ट साहाय्य अधिनियमाचे कलम २२ म्हणते की मागितल्याशिवाय ताबा मिळणार नाही. पुढे दुरुस्ती करून मागितला, तर अधिकारक्षेत्राचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ मुळे उशिराची हरकत ऐकली जात नाही, या भरवशावरही राहू नये. ते कलम झालेल्या निकालाच्या बचावासाठी आहे, दावा कुठे लावावा हे ठरवण्यासाठी नव्हे. शिवाय सावध प्रतिवादी पहिल्याच कैफियतीत हरकत घेतो. वादपत्र परत मिळाले की योग्य न्यायालयात दावा नव्याने सुरू होतो आणि नोंदवलेला पुरावाही पुन्हा द्यावा लागतो. गेलेला काळ मुदतीतून वगळून घ्यायचा, तर आधीचा दावा सद्भावनेने आणि तत्परतेने चालवला होता हे मुदत अधिनियमाच्या कलम १४ खाली दाखवावे लागते. तेव्हा ताबा हवा असलेल्या खरेदीदाराने साठेखताचे शेवटचे पान बाजूला ठेवून जमीन ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथेच दावा लावावा.