दर्जा ठरतो कशावरून?

कोणतं अभियांत्रिकी महाविद्यालय 'राष्ट्रीय' म्हणवून घेण्याच्या योग्यतेचं, हा वाद प्रवेशाच्या दिवसांत हमखास रंगतो. मला तेव्हा आपल्याच दोन संस्था आठवतात. पुण्याच्या महाविद्यालयाचं मूळ १८५४ मधलं. सर विश्वेश्वरय्या तिथेच शिकले. नागपूरचं १९६० मधलं, त्यांच्याच नावाचं. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला तो नागपूरला, २००२ साली. पुण्याचं महाविद्यालय विद्यापीठ झालं थेट २०२२ साली, तेही राज्याच्या कायद्याने.

मग नागपूर सरस आणि पुणं उणं, असं समजायचं का? मुळीच नाही. नागपूरचं महाविद्यालय केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीतलं, निम्म्या जागा इतर राज्यांतल्या मुलांसाठी ठेवणारं. पुण्याचं राज्य सरकारचं. केंद्राने पुढे अशी भागीदारीतली प्रादेशिक महाविद्यालयंच आपल्याकडे घेतली. म्हणजे निर्णायक ठरलं ते वय किंवा कर्तृत्व नव्हे, तर खर्चाची वाटणी.

म्हणून पालकांना माझं एवढंच सांगणं : पाटी जरूर वाचा, पण प्राध्यापकांच्या जागा भरल्या आहेत का आणि प्रयोगशाळा खरोखर चालते का, हे आधी विचारा. मुलाचं शिक्षण पाटीवर होत नाही.