चामडी बांधणीचा ऱ्हास

आपली पोथी सुट्या पानांची. दोन फळ्यांमध्यें ठेवून वस्त्रांत गुंडाळली कीं बांधणीचें काम संपलें. युरोपांतील ग्रंथाची गोष्ट निराळी. तेथें पानें दुमडून, शिवून, फळ्यांना जोडून वर कातडें चढविण्याची विद्या शतकानुशतकें चालत आली, आणि ग्रंथाचें आयुष्य तिच्यावरच अवलंबून राहिलें.

सेंट कथबर्ट या इंग्लंडांतील साधूच्या शवपेटींत इ. स. ११०४ मध्यें डरहॅम येथें योहानकृत शुभवर्तमानाची एक लहानशी लॅटिन प्रत सांपडली. आठव्या शतकाच्या आरंभीं लांकडी फळ्यांवर चढविलेलें तिचें बकऱ्याचें तांबडें कातडें आजही शाबूत आहे. २०१२ सालीं ब्रिटिश लायब्ररीनें ही प्रत ९० लक्ष पौंडांस विकत घेतली.

आतां याच्या उलट पहावें. एकोणिसाव्या शतकांतील कित्येक भपकेदार पुस्तकांचें कातडें अर्धशतकही टिकलें नाहीं. हात लावतांच त्याची तांबडी भुकटी होऊं लागली. कारणें शोधण्यासाठीं लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेनें १९०० सालीं समिति नेमली. तिला असें आढळलें कीं, रंग उजळावा म्हणून गंधकाम्ल वापरीत, त्याचा अंश मागें राहून कातडें आंतून पोखरलें जाई. गॅसच्या दिव्यांचा धूर त्यांत भर घाली. सुमाकाच्या पानांनीं कमावलेलें कातडें टिकाऊ ठरलें. तरवडाच्या सालीनें कमावून हिंदुस्थानांतून जाणारें कातडें या कामीं निकृष्ट ठरलें. वहाणेला जें चालतें तें ग्रंथाला चालतेंच असें नाहीं.

परंतु दोष एकट्या चर्मकाराचा नव्हता. जुन्या बांधणींत दुमडलेल्या पानांचे फर्मे जाड दोऱ्यांवर शिवीत, आणि त्या दोऱ्यांचे उंचवटे पुस्तकाच्या पाठीवर दिसत. पुढें काम स्वस्त व्हावें म्हणून पाठीला करवतीनें खांचा पाडून दोऱ्या आंत दडविल्या, आणि जुनें रूप दिसावें म्हणून वरून खोटे उंचवटे चिकटविले! कातडेंही तासून कागदासारखें पातळ केलें. डग्लस कॉकरेल या इंग्रज बांधणीकारानें १९०१ सालच्या आपल्या ग्रंथांत असल्या दिखाऊ कामावर टीका केली आहे.

या सर्वांच्या मुळाशीं ग्राहकच होता. त्यानें एकसारखा रंग, गुळगुळीत कातडें व कमी दाम मागितलें. कारागिरानें तें दिलें. टिकाऊपणा दुकानांत दिसत नाहीं, तो पुढच्या पिढीस दिसतो. म्हणून पुस्तक बांधून घेतांना सोनेरी अक्षरें पाहण्यापूर्वीं शिवण पहावी.