पाटी आणि वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नगरच्या कापड बाजारातून एक फेरी मारावी. गादीवर स्वच्छ चादर, चौरंगावर लक्ष्मीची तसबीर, लाह्या-बत्तासे आणि पुढ्यात लाल कापडी बांधणीच्या नव्या वह्या. गेल्या काही वर्षांत या वह्यांच्या शेजारी लॅपटॉपही येऊन बसला आहे, आणि त्याच्या झाकणालाही हळदकुंकवाची बोटे लागतात. कोणाला त्याचे हसू येते. मला ते अगदी रास्त वाटते. हिशेब ज्याच्यात राहतो त्याची पूजा करावयाची, एवढाच या आचाराचा अर्थ आहे.

परंतु जुन्या पेढीवर एकटी एक वही कधीच नव्हती, ही गोष्ट आपण विसरतो. गिऱ्हाईक दारात उभे असता घाईघाईने टिपून घ्यावयाची ती कच्ची वही. रात्री दुकान बंद झाल्यावर त्यातले तारीखवार उतरवावयाचे ते रोजकिर्दीत. आणि रोजकिर्दीतून माणसामाणसाच्या नावावर घालावयाचे ते खतावणीत. कच्च्या वहीत खाडाखोड चाले, पक्कीत चालत नसे. मुनीमजींच्या अंगी अक्षर असावे लागे तसेच कोणते कोठे लिहावयाचे याचे तारतम्यही असावे लागे.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, दिवाळीच्या खरेदीच्या निमित्ताने आज घराघरांत एक वाद चालतो. लॅपटॉप घरात आहे. मग टॅब्लेट कशाला? आणि घेतलाच, तर कोणते काम कशावर करावे? मुले एक सांगतात, दुकानदार दुसरे सांगतो, आणि ज्याला पैसे द्यावयाचे तो वडील माणूस मुकाट्याने दोघांकडे पाहत राहतो. त्याला एवढेच सांगावेसे वाटते की हा प्रश्न नवा नाही. टॅब्लेट हा शब्दच मुळी पाटीचा आहे. रोमन लोक मेण लावलेल्या लाकडी फळीवर टोकदार लेखणीने मजकूर कोरीत. लेखणीचे दुसरे टोक चपटे असे, त्याने मेण सारखे केले की पाटी कोरी. टाचण, हिशेब, मुलांचे धडे फळीवर; टिकवावयाचे ते पपायरसवर. दोन्ही साधने शेजारी शेजारी नांदत होती.

आपल्याकडेही तेच. इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या अल्बेरूनीने येथील शाळांतल्या मुलांच्या काळ्या पाट्या आणि त्यांवरची पांढरी अक्षरे यांची आवर्जून नोंद केली आहे. पंतोजींच्या शाळेत मूल पहिली अक्षरे गिरवी ते धुळीवर. फळीवर धूळ पसरावी, बोटाने किंवा काडीने श्रीगणेशा काढावा, हात फिरवून पुन्हा धूळ सारखी करावी. याला धुळाक्षरे म्हणत. मद्रासला अनाथ मुलांची शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने वाळूत लिहिणारी अशीच मुले पाहिली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती पद्धत थेट इंग्लंडात नेली. आपल्या अंगणातली धूळ सातासमुद्रापार गेली आणि तिकडून आपल्याकडे आली ती दगडी पाटी.

नगर जिल्ह्याच्या शिक्षणाच्या इतिहासात अमेरिकन मराठी मिशनचे नाव टाळता येत नाही. १८३१ साली मिशनने नगरला ठाणे केले. सिंथिया फॅरार ही अविवाहित बाई १८३९ मध्ये येथे आली आणि मुलींच्या शाळा चालवू लागली. ज्योतीराव फुले यांनी या शाळा पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण फॅरारबाईंच्या हाताखाली येथेच घेतले. ‘ज्ञानोदय’ हे पत्रही १८४२ साली नगरलाच निघाले. पुढे ते मुंबईस गेले. म्हणजे एकाच गावात, एकाच मिशनच्या छायेत, एकीकडे पुसून टाकावयाचे लेखन आणि दुसरीकडे छापून कायमचे करावयाचे लेखन असे दोन्ही व्यवहार चालू होते. पाटीचा गुण विसरण्यात आहे. ज्या मुलीच्या सात पिढ्यांत कोणी अक्षर काढले नव्हते, तिचा वाकडा ‘अ’ दुसऱ्या दिवशी कोणाला दाखविता येत नसे, ही त्या पोरीवर पाटीची केवढी कृपा! कागदाने ती केली नसती.

आता थोडे मागे, प्रवरेच्या काठी नेवाशाला जाऊ. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केले असे सांगतात, तो ‘पैस’चा खांब आजही तेथे आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ग्रंथ सिद्ध झाला. बोलणारे ज्ञानदेव, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. पुढे या पोथीच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि प्रत्येक हाताने आपापली भर घातली. शेवटी शके १५०६ मध्ये, सुमारे तीनशे वर्षांनी, एकनाथांना पैठणला बसून पाठ शुद्ध करावा लागला. एकाच मजकुराच्या दोन प्रती झाल्या की खरी कोणती हा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या लॅपटॉपवर एक मसुदा आणि टॅब्लेटवर त्याचाच दुसरा, थोडा बदललेला मसुदा आहे, त्याला नाथांच्या कष्टांची कल्पना यावयास हरकत नाही.

मात्र दोन साधनांची विभागणी जितकी चोख मराठी माणसाने लिपीत केली तितकी क्वचितच कोणी केली असेल. बाळबोध आणि मोडी. बाळबोध म्हणजे पोथीची लिपी: सुटे, उभे, घोटीव अक्षर, ह्रस्व-दीर्घाचा कटाक्ष. मोडी म्हणजे फडावरची लिपी. ती हेमाडपंताने आणली, आणि तीही लंकेहून, अशी कथा सांगतात. कथेचा खरेपणा हा निराळा विषय आहे. तिची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यावयाची, मग बोरू शाईत बुडवून त्या रेघेखाली अक्षरांची माळ ओवीत जावयाचे. हात होईल तितका न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात शिरावयाचे. शब्दांमध्ये अंतर नाही, इकार-उकारांत लहान-मोठेपणाचा भेद नाही. शाई वाळावी म्हणून वर बारीक वाळू शिंपडली की कागद जासुदाच्या हाती. देवाचे बाळबोधीत, राजाचे मोडीत. आणि एकच कारकून दोन्ही लिही. त्याला कोणती लिपी श्रेष्ठ असे विचारले असते तर तो हसला असता. काम कोणते, एवढेच त्याने विचारले असते.

जामखेड तालुक्यात खर्डा नावाचे गाव आहे. १७९५ च्या मार्चमध्ये पेशवे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली ते हेच. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, कच्च्या मसुद्यालाही आपण खर्डाच म्हणतो, आणि निजामाला तह मान्य करावा लागला तो खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतल्यावर, ही गंमत माझ्या मनातून जात नाही.

मोडी छापखान्यात शिरली तेव्हा तिचे काय झाले, हेही मननीय आहे. विल्यम केरी याने श्रीरामपुरास (बंगालमधल्या, आपल्या जिल्ह्यातल्या नव्हे) १८१० मध्ये मराठी कोश मोडी टाइपांत छापला. अक्षरे हुबेहूब मोडीची, पण धावणे गेले. जिचा जन्मच वेगासाठी, तिचे खिळे पाडल्यावर उरले काय? छापील पुस्तक बाळबोधीकडे गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी कामकाजातून मोडी हळूहळू निघाली, शाळांतूनही गेली, आणि दोन पिढ्यांत आजोबांचा कागद नातवाला परका झाला.

एकच साधन हाती असले की माणूस काय करतो, याचा दाखला नगरच्या भुईकोट किल्ल्यात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद येथे स्थानबद्ध झाले. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत हाताने हजारएक पाने लिहिली. तोच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करीत आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला पत्रे लिहीत. ती टपालात पडणार नाहीत हे लिहितानाच त्यांना ठाऊक होते. १९४३ मध्ये तिकडे कलकत्त्याला त्यांची पत्नी वारली. इकडे कागदावर पत्रेच चालू राहिली. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. एकाने थेट पक्की वही उघडली. दुसऱ्याने पत्राची, म्हणजे एकाच माणसाने वाचावयाची, कच्ची वही धरली आणि तीच पक्की ठरली. म्हणून कच्चे-पक्के हे कागदावर ठरत नाही, लिहिणाराच्या मनात ठरते, असे मी मानतो.

यंत्रांचा इतिहास यापुढे फार थोड्यात सांगता येतो. १९७२ मध्ये अ‍ॅलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाने मुलांच्या हाती देता येईल अशा पाटीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. लॅपटॉप आधी आले. टॅब्लेट घरोघर पोहोचला तो २०१० च्या आयपॅडनंतर. पुढल्याच वर्षी आपल्या सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब्लेट काढला. गाजावाजा मोठा झाला, पाटी काही चालली नाही. मला वाटते, पाटीकडून वहीचे काम मागितले गेले. बोटाने वाचावे, रेघ मारावी, चित्र मोठे करून पाहावे, टाचण करावे, हा टॅब्लेटचा धर्म. पानेच्या पाने टंकलिखित करावी, हिशेबाचे कोष्टक मांडावे, चार कागद समोर ठेवून पाचवा तयार करावा, हा लॅपटॉपचा. त्यातही घरात पक्की वही कोणती हे एकदा ठरवून टाकावे. अखेरची प्रत तिच्यात, आणि तिची एक नक्कल यंत्राबाहेर.

हे नुसते सोयीचे बोलणे नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिपीला आपण निरोप दिला होता तिच्यात कोणाच्या पणजोबांची जात, कोणाची जमीन, कोणाच्या मुलांचे भवितव्य अडकून पडले होते. कागद रुमालात शाबूत होते. वाचणारे डोळे मोजके राहिले होते. जिल्ह्याचे नावही दरम्यान बदलले, २०२४ मध्ये ते अहिल्यानगर झाले. चोंडीच्या लेकीचे नाव तिच्याच जिल्ह्याला मिळाले. जुन्या नोंदींत मात्र अहमदनगरच शोधावे लागते.

अशा कागदावर काम करणाऱ्याचे मेज पाहण्याजोगे असते. जुना कागद हाताळून झिजू नये म्हणून त्याचे छायाचित्र काढून ते टॅब्लेटवर घेतलेले असते. दोन बोटांनी ते पसरावे, म्हणजे पुसट झालेली वेलांटी अंगठ्याएवढी दिसते; शंका आली तेथे लेखणीने तांबडे वर्तुळ. उजवीकडे लॅपटॉप, त्याच्यावर ओळीस ओळ बाळबोधीत उतरत जाते. डावीकडे मोडी, उजवीकडे बाळबोध. पेशवाईतला कारकून आला तर त्याला यंत्रे कळणार नाहीत, मांडणी तत्काळ कळेल. एखादा शब्द काही केल्या लागत नाही. मग वाचणारा उजवीकडे तीन टिंबे देतो, डावीकडचे तांबडे वर्तुळ तसेच ठेवतो आणि पुढच्या ओळीला लागतो.